लोलक म्हणाला, ‘नाही’

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या म्हणून लोक जिन्यात बसले होते, जिना संपला म्हणून खाली फुटपाथवर ताटकळत होते. आत एक म्हातारे गृहस्थ चिमटीत दोरा धरून बसले होते. दोऱ्याच्या टोकाला पितळेचा लोलक.

“विचारा,” त्यांच्यासमोर बसलेले लोलकदादा म्हणाले. “लाजू नका. आपल्याच माणसाशी बोलायला लाज कसली?”

“तू... तू सुखात आहेस ना गं?” म्हाताऱ्यांनी वारलेल्या बायकोला विचारलं.

लोलक थरथरला, जरासा डुलला आणि गोल फिरू लागला. गोल म्हणजे हो, सरळ रेषेत म्हणजे नाही. म्हातारे हमसून हमसून रडायला लागले आणि हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज आले.

“मी हात लावला?” लोलकदादांनी दोन्ही तळवे वर केले. “दोरा तुमच्या हातात! बोटं तुमची! माणूस तुमचं! मी कोण? मी नुसता पोस्टमन. पोस्टमन कधी पाकीट फोडून वाचतो का?”

पोस्टमनने रेशमी झब्बा घातला होता आणि पाठीमागच्या भिंतीवर स्वतःचाच पुरुषभर उंचीचा फोटो लावला होता.

पुढच्या रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती. मांडीवर तिचा सहा वर्षांचा मुलगा, टिल्लू. तो शर्टाच्या बाहीने ओठ पुसत होता. पुसायचा, थांबायचा, परत पुसायचा. बाहीवर रक्ताचे बारीक डाग पडले होते.

हे पुसणं कसं सुरू झालं ते आधी सांगते.

बहिणीला टिल्लूच्या पाठीवर मुलगी झाली होती. जेमतेम बसायला शिकली आणि गेली. जन्मापासूनच हृदयात दोष होता. ऑपरेशन ठरलं होतं, पण त्याआधीच न्यूमोनियाने गाठलं. बहिणीचा नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवतो. तो आला, चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला आणि परत ट्रकवर गेला. घरात उरली बहीण आणि हे पोर.

काही आठवड्यांनी टिल्लू ओठ पुसायला लागला. खाल्ल्यावर, बोलल्यावर, काहीच न करताही. मग नवीनच सुरू झालं. दारातून बाहेर पडला की परत आत यायचा आणि विचारायचा, “आई, मी काही वाईट बोललो का?”

“नाही रे राजा.”

“नक्की?”

“नक्की.”

“परत म्हण. नीट म्हण.”

‘राजा’ म्हणायचं राहिलं तर सगळं पहिल्यापासून. शाळेची व्हॅन हॉर्न वाजवून वाजवून निघून जायची. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. ओठांना लावायची मलमं मीच आणून द्यायची. मलम लावलं की तो तेही पुसून टाकायचा.

“अगं, याला मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे दाखवू या,” मी म्हणायची.

“माझं पोर वेडं नाही, ताई.”

आणि मग शेजारणीने तिला लोलकदादांकडे नेलं.

तिथे लोलकाने काय काय सांगावं! बाळ गेलेलं नाही. बाळ टिल्लूपाशीच आहे. बाळाला भूक लागते, ते टिल्लूच्या तोंडाने दूध पितं, आणि टिल्लू पुसतो ते स्वतःचं तोंड नव्हेच, बाळाचं!

“तेव्हा त्याला अडवू नका,” दादांनी बजावलं. “पुसू द्या. भाऊ बहिणीची सेवा करतोय. उलट तासातासाला दूध पाजा.”

मी कपाळाला हात लावला. पण बहिणीचा चेहरा बघितला आणि माझी जीभ उचलेना. कितीतरी दिवसांनी तिने केस विंचरले होते. दादांनी दिलेला तसलाच एक लोलक घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि हलक्या आवाजात विचारायची, “जेवलीस का गं? थंडी वाजते का? आईची आठवण येते?” लोलक गोल फिरायचा. ती हसायची. समोर बसलेला टिल्लू दुधाचा पेला तोंडाला लावायचा आणि मग पुसत सुटायचा.

त्या दिवशी हॉलमध्ये ती आली होती ती विचारायला, की शाळा बंद करून मुलाला घरीच ठेवू का. म्हणून मीही दुकानातून सुट्टी काढून मागोमाग गेले होते.

“या, बाळाच्या आई!” दादा गर्दीकडे वळले. “बघा मंडळी, पाळणा रिकामा झाला असं जग म्हणतं. आम्ही म्हणतो, पाळणा फक्त बदलला! विचारा ताई.”

बहिणीने लोलक धरला. तेवढ्यात टिल्लू म्हणाला, “आई, मी विचारू?”

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. दादा खूश. “विचार, विचार! बहीणच आहे तुझी!”

टिल्लूने ओठ पुसले. “आई, तू विचार तिला. मी तिला ‘तू जा, मला नकोयस’ असं म्हणालो होतो का?”

बहीण दचकली. “असं कसं म्हणशील तू? तुझी लाडकी होती ती.”

“विचार ना.”

तिने विचारलं. लोलक डुलला आणि सरळ रेषेत हलू लागला. मागे-पुढे, मागे-पुढे, अगदी ठामपणे. नाही.

“बघितलंस?” बहीण म्हणाली. “नाही म्हणतेय ती.”

टिल्लू लोलकाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

“तो खोटं बोलतोय,” तो म्हणाला. “मी म्हणालो होतो. ती रडत होती, तू तिलाच घेऊन बसली होतीस. मी तिच्या कानात म्हणालो. आणि मग ती गेली.”



“हं! हं!” दादांनी घाईघाईने हात उंचावले. “बहिणीने भावाला क्षमा केली, म्हणून ‘नाही’ म्हणाली! केवढं मन!”

“दादा,” मी उभी राहिले. “अहो, क्षमा केली का असं त्याने विचारलंच नव्हतं. म्हणाला होता का, एवढंच विचारलं होतं. ज्या बाळाच्या कानात तो बोलला त्या बाळाला माहीत नाही? की हा लोलक जिने धरलाय, तिला माहीत नाही?”

“अविश्वासाने लहरी बिघडतात!” दादा ओरडले. “यांना बाहेर काढा!”

काढायची गरज नव्हती. मी टिल्लूला कडेवर घेतलं होतं. तो माझ्या खांद्यावर ओठ घासत होता.

टिल्लूचं ते बोलणं ऐकल्यावर मात्र बहीण मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे यायला तयार झाली. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर एक ठेंगणं टेबल होतं आणि रंगीत खडू होते. टिल्लू तिथे माझ्यापाशी चित्र काढत बसला. दार उघडंच होतं, त्यामुळे मला आतलं दिसत होतं, ऐकू येत होतं. बहीण पर्समधला लोलक घट्ट धरून बसली होती.

“हा फिरतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय,” ती म्हणाली. “मी हलवत नाही. शपथ घेऊन सांगते.”

“तुम्ही मुद्दाम हलवत नाही, माझा विश्वास आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी एका कागदावर उभी रेघ काढली. “यावर धरा. हात हलवू नका. नुसतं मनात म्हणा, रेघेवरून जा.”

लोलक रेघेवरून हलू लागला.

“आता डोळे मिटा. मी कागद फिरवते, रेघ आडवी होईल. हं, झाली आडवी.”

लोलक जरा अडखळला, मग आडवा हलू लागला.

“उघडा डोळे.”

रेघ उभीच होती. डॉक्टरांनी कागदाला हातही लावला नव्हता.

“तुम्हाला जे खरं वाटतं, त्या बाजूला बोटांचे स्नायू किंचित हलतात. आपल्याला कळतही नाही, इतकं किंचित. लांब दोऱ्याला तेवढं पुरतं. कुणाच्याही हातात हेच होतं, माझ्याही.”

बहिणीने लोलक कागदावर ठेवला.

“म्हणजे रोज... आठवण येते का विचारलं की...”

“ते उत्तर तुमचं होतं.”

“ती नव्हतीच?”

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

डॉक्टरांनी त्यानंतर टिल्लूला आत बोलावलं. त्यांनी त्याला बाळाच्या हृदयाचं चित्र काढून दाखवलं, दोष कुठे होता ते दाखवलं.

“माझ्या बोलण्याने झालं?”

“नाही. तो दोष तू बोलायच्या कितीतरी आधीपासून होता. बोलण्याने कुणी मरत नाही. सगळ्याच मुलांना धाकट्या भावंडांचा राग येतो.”

त्याने ओठ पुसले. “नक्की?”

“एकदा सांगितलं मी,” त्या मायेने म्हणाल्या. “आता परत विचारतेय ती तुझी काळजी. तिला जितकी उत्तरं द्यावीत, तितकी तिची भूक वाढते. आपण तिला उपाशी ठेवायचं. जमेल?”

आम्हालाही त्यांनी शिकवलं. रागवायचं नाही, हात धरायचे नाहीत, पण तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचंही नाही. पुसावंसं वाटलं की आधी थोडंसं थांबायचं, मग आणखी थोडं. भीती चढते आणि आपोआप उतरते, हे त्याला स्वतःला कळू द्यायचं.

सांगायला सोपं आहे. टिल्लू टेबलावर दोन्ही तळवे दाबून बसायचा, रडत म्हणायचा, “आई, एकदाच सांग ना गं, मी वाईट बोललो का?” आणि बहीण त्याच्या शेजारी बसून म्हणायची, “काळजी आलीय ना? मी बसलेय इथे.” एवढंच. मग त्याचं रडं ओसरलं की आत जाऊन नळ सोडायची आणि सिंकवर वाकून रडायची.

हळूहळू ओठांवर खपल्या धरल्या, खपल्या पडल्या. व्हॅन त्याला घेऊन जाऊ लागली. आजारपण आलं, परीक्षा आली की बाही परत तोंडाशी जाते. डॉक्टर म्हणतात, जाणारच, परत थांबायला शिकवू. तो बरा होतोय.

बहिणीचं मला सांगता येत नाही. एकदा कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली, “ताई, तुझं बरोबर होतं. पण माझं बाळ दोनदा गेलं गं. दुसऱ्यांदा तू नेलंस.”

मी हातातले चिमटे खाली ठेवले. तिचं दुःख खरं होतं, आणि त्या दुःखाला रडायला कुणीच जागा दिली नव्हती, म्हणून ते हॉलच्या जिन्यात रांगेला लागलं होतं. मीसुद्धा डॉक्टर-डॉक्टर करत राहिले, तिच्याजवळ बसले नाही. त्या दिवशी बसले. बाळाविषयी ती संध्याकाळपर्यंत बोलली.

हॉल अजूनही भरतो. त्या माणसांना मी हसत नाही. मला राग येतो तो त्यांच्या बोटांतली आस ओळखून तिच्यावर दुकान थाटणाऱ्याचा. त्याने आईच्या हाताला थरथरायला लावलं आणि पोराच्या ओठांचं रक्त काढलं, वर त्याला सेवा म्हटलं.

तुमच्या घरात एखादं मूल तेच ते करत असेल, हात धुत असेल, कड्या तपासत असेल, एकच प्रश्न शंभरदा विचारत असेल, तर त्याच्यात कुणी शिरलेलं नाही. ते घाबरलेलं आहे. त्याला डॉक्टरकडे न्या, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आणि त्याला कशाची भीती वाटते, ते दुसऱ्या कुणाला विचारत फिरू नका. त्याला विचारा. ते सांगेल.