दुसरं टोपडं

विमान धावपट्टीकडे निघालं तेव्हा मिस्त्रीच्या हातात दोन टोपडी होती. हवी होती तेवढीच.

विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटाएवढी नळी असते. समोरचा वारा तिच्यात घुसतो आणि त्याच्या दाबावरून वैमानिकाला वेग कळतो. उभ्या विमानाच्या नळीत किडामुंगी शिरू नये म्हणून वर लाल कापडी खोळ घालतात. तिला टोपडं हे नाव मिस्त्रीच्या बायकोने दिलेलं. ती विमानतळावरच शिवणखात्यात होती. "पोटी पोर नाही, मग विमानांचीच टोपडी शिवते," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

तिला जाऊन तीन महिने झाले होते. तिच्या हातचं एक जुनं टोपडं तो खिशात बाळगायचा.

आता हातातल्या एका टोपड्यावर अंगठ्याला दुहेरी गाठ लागली. दोरा संपला की ती दोन गाठी मारायची. नव्या बायका एकच मारतात. त्याने खिसा चाचपला. रिकामा होता.

मघाचं सगळं त्याला आठवलं. उजवं काढून त्याने खिशात कोंबलं, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. परत आल्यावर खिशातून दोन निघाली, आणि त्याने दोन्ही काढल्याची सही ठोकली. डाव्याची लोंबती फीत कालच तुटलेली. लांबून कुणाला दिसणार?

तो साहेबांकडे धावला. "विमान थांबवा."

"का रे बाबा? दोन्ही तर हातात आहेत."

"त्यातलं एक आमच्या हिचं आहे."

"तू घरी जा. थोडा आराम कर."

"करतो. आधी थांबवा. डावी नळी झाकलेली आहे. वेग चुकीचा दिसेल त्यांना."

"आणि नसली तर? माझी खरडपट्टी निघेल."

"नसली तर मला काढून टाका."

लांब टोकाला विमान वळलं. इंजिनांचा आवाज चढू लागला. साहेबांनी वायरलेस उचलला. मिस्त्रीला त्यांचं बोलणं ऐकू येईना, तो फक्त आवाजाकडे कान लावून होता. मग आवाज उतरला.

जीपने दोघं तिथे गेले. डाव्या नळीवर टोपडं होतं. मिस्त्रीने ते ओढून काढलं.

मग त्याने दोन गाठींचं टोपडं साहेबांच्या हातात दिलं.

"हे तुमच्या कपाटात ठेवा."

"अरे, तुझं आहे ते."

"म्हणूनच. कामावर माझ्या खिशात नको."