पेडल तळाला टेकले होते

मी एका जुन्या ट्रॅक्टरचा क्लच आहे. मला सहसा कोणी पाहत नाही, कारण मी इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधल्या काळोखात राहतो. ट्रॅक्टरचे रंगवलेले नाक सगळ्यांच्या लक्षात राहते. माझी आठवण होते ती जळका वास सुटल्यावर.

मित्रांनो, माझ्या पोटात दोन प्लेटा आहेत. एक इंजिनाचा जोर चाकांना देते. दुसरी तोच जोर मागे बाहेर निघालेल्या शाफ्टला देते, आणि त्या शाफ्टवर पंप लावा, चारा कापायचे यंत्र लावा, काय हवे ते चालते. पेडल अर्धे दाबले की फक्त चाके थांबतात. तळापर्यंत दाबले की शाफ्टही थांबतो. कारखान्यातून निघालो तेव्हा मला या करामतीचा केवढा ताठा होता!

सुरुवातीची वर्षे मला आबांनी चालवले. माणूस महाखडूस, पण माझी कदर करणारा. कोणी उगीच पेडलवर पाय ठेवून बसले की ते खेकसत, "पाय काढ तिथून! ती काय पाय पसरायची जागा आहे?" पाहुण्यांना ते कौतुकाने सांगत की या ट्रॅक्टरचा क्लच लोण्यासारखा आहे. खरे सांगतो, त्या दिवसांत मला कामाचा शीण येत नसे.

मग आबांचे गुडघे गेले आणि सीटवर त्यांचा मुलगा बसला. घरात सगळे त्याला दादा म्हणत. दादाचा पाय सदान्‌कदा पेडलवर. त्या भाराने माझी अस्तरे झिजली, आतली मापे बिघडली, आणि पेडल तळाला टेकले तरी शाफ्टकडची प्लेट पुरती सुटेनाशी झाली. शाफ्ट रेंगाळत फिरतच राही. शाफ्टचा जोर तोडायचा दांडा वेगळा होता, पण तो ओढला की दाते करकरत, म्हणून दादा त्याला हात लावत नसे. इंजिन बंद करावे तर बॅटरी मेलेली, पुन्हा चालू कोण करणार?

मिस्त्रीने स्पष्ट सांगितले होते, "दादा, मागची प्लेट सुटत नाहीये. अर्धा दिवस गाडी माझ्याकडे द्या."

"चालतंय तोवर चालू दे रे," दादा म्हणाला. आळसाला निमित्ताची काय वाण?

शाफ्टवरच्या कापायच्या यंत्राच्या तोंडात चारा अडकला की तो काढायचे काम वहिनींचे, म्हणजे दादाच्या बायकोचे. त्या शिवणकाम करत. बोटे बारीक, चपळ. "तुझाच हात आत जातो," असे दादा म्हणे, आणि त्याला वाटे आपण कौतुक करतो आहोत.

त्या दुपारी चारा ओला होता. पात्यांत बोळा बसला आणि यंत्र थांबले. दादाने पेडल तळापर्यंत दाबले. शाफ्टही स्तब्ध होता. पण तो मी सोडला म्हणून नव्हे, तर बोळ्याने पाती धरून ठेवली म्हणून. आत मी त्याला ढकलतच होतो. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

"अहो, इंजिन बंद करा ना एकदा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पेडल दाबलंय मी. ओढ बिनधास्त."

त्यांनी बोळा ओढला. वाट मोकळी झाली आणि पाती फिरली.

उजव्या हाताची तीन बोटे गेली. वहिनी दवाखान्यातून घरी यायच्या आधीच मला दुरुस्त करण्यात आले. मिस्त्रीने बाजूचे झाकण काढले, आतले बोल्ट आवळले, सैल केले, माप जुळवले. चहा आला तेव्हा तो हात पुसत होता. एवढ्यासाठी! मला माझ्याच लोखंडाची किळस आली.

भेटायला येणाऱ्यांपुढे दादा मान हलवून म्हणे, "यंत्र ते यंत्र. त्याचा काय भरवसा?" लोकही माना हलवत. एकदा वहिनी डाव्या हातात कात्री धरायला शिकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी यंत्रावर भरवसा ठेवलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढ म्हणालात, त्यावर ठेवला होता."

पाहुण्यांनी चपला शोधल्या.

मित्रांनो, आता मी तुम्हाला सांगायला हवे की यंत्रांना जपा, वेळेवर वंगण द्या. द्या किंवा देऊ नका. आम्ही झिजलो तर भंगारात जाऊ, त्यात रडण्यासारखे काही नाही. एवढेच करा. बिघडलेले यंत्र नीट करायचा कंटाळा असेल, तर त्याच्या तोंडात आपला स्वतःचा हात घाला. दुसऱ्याला घाल म्हणू नका.