सतरंजीवरची वळी

माणूस गेल्यावर करतात ते पुण्यानुमोदन लेकीचं करायचं नाही, असं पंचफुलाबाईनं एकदा सांगितलं ते सांगितलं. बार्शीटाकळीतले सोयरे समजावून थकले. नवऱ्यानं, जानरावांनी, भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे बोट दाखवून पाहिलं. बाई बधली नाही. "देह सापडला का? ते बाहीर पळाली असंल. मी शिकवलं हाये तिले," एवढंच म्हणायची. पुढं बोलायची कोणाची छाती होत नसे.

ज्योत्स्ना हिमालयात जमीन मोजायची. सातबारावाली मोजणी नव्हे. डोंगर किती सरकतो, किती उंच होतो, ती मोजणी. आईला हे कळावं म्हणून एका दिवाळीच्या सुटीत तिनं फरशीवर दोन सतरंज्या समोरासमोर अंथरल्या. एक आपली, एक पलीकडच्या मुलखाची. आपली रेटत नेली तशी मध्ये वळी उभी राहिली.

"हा हिमालय, आई. अजून रेटणं चालूच हाये. सतरंजी फरशीले अडकते, मंग एकदम सुटते. तो भूकंप."

"आन आपल्या इथं?"

"आपल्या खाली काळा दगड. लई जुन्या काळी भेगांतून उकळता रस वर आला, थरावर थर थिजला. तो ज्वालामुखी कधीचाच विझला. आपण निवांत."

"निवांत कायचे? मांगं भांडे वाजले होते." अमरावतीकडून आलेला तो हादरा पंचफुलाबाईच्या चांगलाच लक्षात होता. "भुई हालली का मांगंपुढं पाहू नको. झटकन बाहीर पळजो."

हे ती लेकीला लहानपणापासून सांगत आली होती. फोन ठेवतानाही सांगायची, जेवलीस का विचारावं तितक्या सवयीनं. त्यात चूक तरी काय होती? इथं दाराबाहेर पाऊल टाकलं की सपाट रान, डोक्यावर पडायला नुसतं आभाळ.

गेल्या वर्षी डोंगरात भूकंप झाला. दरडीखाली गेलेल्यांच्या यादीत ज्योत्स्नाचं नाव आलं, ज्योत्स्ना आली नाही.

यंदा तिच्यासोबत काम करणारी रागिणी भेटायला आली. चांदूर रेल्वेची पोरगी, दोघी तिथं एकाच घरात राहायच्या. चहा थंड झाला तरी ती नुसती कप फिरवत बसली. शेवटी पंचफुलाबाईनंच विचारलं, "तू कशी वाचली, बाई?"

"मी घरातच राहिली, काकू. पायच उचलले नाही. लाकूड-दगडाचं जुनं घर, नुसतं डोललं, काहीच झालं नाही त्याले. ज्योत्स्ना मात्र पळाली. मलेही ओढत होती. म्हणे, आई सांगते, बाहीर पळा. रस्त्यावर पोचली, आन वरचा डोंगर रस्ता घेऊन खाली गेला."

या घरानं वर्षभर कोणती आशा धरली होती, हे पोरीला ठाऊक नव्हतं. जानरावांनी मान खाली घातली.

पंचफुलाबाई रडली नाही. कपबश्या उचलून मोरीकडे नेल्या, नळ सोडला आणि तिथंच भिंतीला धरून खाली बसली. वर्षभर जी आशा तिनं उराशी धरली होती, तिनंच लेकीला नेलं होतं. आता हे कोणापाशी बोलणार, आणि कोणत्या तोंडानं?

"घर उभं हाये," ती म्हणाली. "आन मी तिले बाहीर काढलं."

जानराव जवळ येऊन बसले. "आपल्याले सपाट भुईच माहीत, पंचफुले. तुले का ठाऊक होतं?"

उठून नळ बंद करत ती म्हणाली, "भंतेजीले बोलवा."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बैठकीत सतरंज्या अंथरल्या तेव्हा पंचफुलाबाई गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी एक सतरंजी दुसरीकडे रेटू लागली. मध्ये वळी उठली तशी थांबली. शेजारच्या मैनाबाईला वाटलं, चुकून झालं. ती वळी सारखी करायला वाकली.

पंचफुलाबाईनं तिचा हात धरला.

"राहू दे, मैना. माही पोरगी त्याच्याखाली हाये."

मंडळी वळीच्या अलीकडे-पलीकडे सरकून बसली.