रंगाची चव

कप उचलताना आत्याचं उजवं मनगट साधारण तीस अंश खाली झुकतं. कप भरलेला असेल तर ती डावा हात खालून लावते, आणि हे इतक्या सराईतपणे करते की बघणाऱ्याला ती अदब वाटते.

त्या दुपारी पाहुण्यांनाही तसंच वाटलं असावं. इस्टेटीवरच्या जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात तिसेक माणसं चहाला आली होती. कार्यक्रमाचं नाव होतं ‘या बंगल्यातल्या बायका’. चहा, केक, बंगल्याच्या जुन्या मालकीणबाईंची माहिती आणि शेवटी आत्या कपावर पान रंगवून दाखवणार. मालकीणबाईंनी बंगल्यामागे चिनी मातीच्या कपबशांचा कारखाना काढला होता, तिथे कपांवर पानांची नक्षी रंगवणाऱ्या बायकांपैकी ती एकटीच आता हयात आहे. सोळाव्या वर्षी लागली, चौतिसाव्या वर्षी कारखाना बंद पडला तेव्हा सुटली. आता एकोणऐंशीची आहे.

मी याच बंगल्याच्या संग्रहालयात काम करते. जुन्या वस्तू कशाच्या बनलेल्या आहेत ते तपासायचं, म्हणजे त्या कशा टिकवायच्या ते ठरवता येतं. आठ महिन्यांपूर्वी कारखान्याच्या कपाटात हिरव्या रंगाच्या सहा बरण्या सापडल्या. मी चिमूटभर रंग तपासला. वजनाच्या जवळजवळ निम्मं शिसं निघालं. खात्री करायला पुन्हा तपासला, तिसऱ्यांदाही तपासला. तिसऱ्यांदा तपासायची गरज नव्हती.

कपाच्या कडेवर पान काढायचं तर कुंचल्याला टोक हवं. त्या बायका ते ओठांनी काढत. दर दोन-तीन पानांमागे एकदा, अठरा वर्षं.

आत्याला चार वेळा दिवस गेले आणि चारही वेळा राहिलं नाही. नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा ती माझ्या वडिलांकडे परत आली. मी जन्मले तेव्हा आजीने तिला महिनाभर बाळंतिणीच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. पुढे मला न्हाऊ-माखू घातलं ते तिनेच, पण ‘वांझेची नजर’ हे शब्द मी त्याच घरात ऐकले. ती स्वतः एकदा म्हणाली होती, “त्या रंगाच्या खोलीत मात्र मला कुणी तसं म्हटलं नाही बाई. तिथे सगळ्या माझ्यासारख्याच होत्या.”

म्हणून मी अहवालावर ‘अपूर्ण’ असा शेरा मारून तो खणात ठेवला. तिच्यावरचा डाग पुसायचा तर ती खोलीही पुसावी लागणार होती. एवढ्या वयात कोणाला काय द्यायचं आणि काय काढून घ्यायचं, याचं प्रमाण मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. दर रविवारी मी ठरवायचे, आज सांगू. मग ती म्हणायची, भाजी निवडायला बस, आणि मी बसायचे.

कार्यक्रमासाठी संग्रहालयाच्या मॅडमना जुनाच रंग हवा होता. “तीच बरणी, तेच हात,” त्या म्हणाल्या. मी बरं म्हटलं. आदल्या दिवशी एक बरणी रिकामी केली, चार वेळा धुतली आणि तिच्यात शाळकरी मुलांचा जलरंग कालवून भरला. कोणाला काही सांगावं लागू नये, एवढाच त्यात हेतू होता.

“आत्याबाई, घाबरू नका हं,” मॅडम म्हणाल्या.

“घाबरायचं काय त्यात? माझ्या सासूसमोर दहा वर्षं काढली मी. ही तर केक खायला आलेली भली माणसं.”

लोक हसले. आत्याने कुंचला बुडवला, ओठांत धरून फिरवला आणि थांबली. जीभ ओठांवरून नेली.

“हा आमचा रंग नव्हे.”

“त्याच बरणीतला आहे, आत्याबाई.”

“बरणी तीच आहे. रंग कोणीतरी बदललाय. आमचा गोड लागायचा. साखरेसारखा नाही, जरा मागाहून कळणारा. आम्ही म्हणायचो, मालकीणबाई पगार देतात तो देतात, वर खाऊपण देतात.”

पुन्हा हसू फुटलं. दुसऱ्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर तेवढे हसले नाहीत. त्यांनी हातातला कप बशीत ठेवला आणि आत्याच्या मनगटाकडे बघत राहिले.

आत्याने डाव्या हाताने उजवा तोलून धरला आणि कपावर पान काढलं. तीन फटकारे, मधली शीर शेवटी. टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, “आजी, ही कला तुम्ही कोणाला शिकवली? मुलीला? सुनेला?”

“मूल नाही मला. माझ्याच पोटात खोट होती.” आपली उंची सांगावी तसं तिने ते सांगितलं आणि कुंचला पाण्यात खळबळला.

मुलगी ओशाळली. मॅडमनी घाईने सगळ्यांना बाग बघायला चलायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. डॉक्टर माझ्यापाशी आले.

“तो रंग तपासलाय का कोणी?”

“मी तपासलाय. शिसं आहे.”

“त्यांना माहीत आहे?”

मी मान हलवली. नाही.

“मी सांगू का? परक्या माणसाकडून ऐकणं कधी कधी सोपं जातं.”

मला तो मार्ग आवडला, हे कबूल करते. क्षणभर मी त्यांच्याकडे आशेने पाहिलंसुद्धा. मग म्हटलं, “नको. तिला मीच सांगायला हवं.” ते बागेकडे गेले.

दिवाणखान्यात आम्ही दोघी आणि तीस उष्टे कप उरलो. आत्या रुमालाने बोटं पुसत होती.

“शास्त्रीणबाई, रंग तूच बदललास ना?”

“हो.”

“तरी म्हटलं. जुना नासला होता का?”

इथे नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी ती उठली असती. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली.

“आत्या, तुम्ही रंगवणाऱ्या किती जणी होतात?”

“अकरा.”

“त्यांतल्या किती जणींना मुलं झाली?”

“हे काय आता मध्येच?” तरी तिने बोटं मोजायला घेतली. “ठेंगणीला तीन. पण ती माती मळायची, ती रंगाला नव्हतीच. तिला धरायला नको. मुकादमिणीला एक झालं, ते वर्षाच्या आत गेलं. बोलकीला... नाही. तिच्या जावेला...” तिचं बोट तिसऱ्या पेरावर थांबलं. “असं का विचारतेस तू?”

“कारण मला उत्तर माहीत आहे.”

“मग बोल की. लहानपणापासून तुझं हेच. पोटात ठेवायचं आणि तोंड पाडून बसायचं.”

मी तिचा हात धरला नाही.

“आत्या, तुमच्या रंगात शिसं होतं. गोड लागायचं ते तेच. ते विष आहे. पोटात गेलं की हातांच्या नसा जातात आणि गर्भ टिकत नाही. तुझी चार बाळं त्यानेच गेली, हे मी शपथेवर सिद्ध करू शकणार नाही, तेवढे पुरावे आता उरलेले नाहीत. पण तुझ्या पोटात खोट होती असं पुन्हा कुणी म्हणालं, अगदी तू म्हणालीस तरी, मी ते खोडून काढीन. हे मला आठ महिन्यांपासून माहीत आहे. मी तुला सांगितलं नाही.”