डावीकडचं एक चित्र जास्त

कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

समजा, तुमच्या घरात शेजारी शेजारी दोन खोल्या आहेत. डावीकडच्या खोलीत ताई बसली आहे. तिच्या हातात चेहऱ्यांच्या चित्रांचा गठ्ठा. उजवीकडच्या खोलीत तुम्ही, आणि तुमच्या हातात त्याच माणसांबद्दल लिहिलेल्या चिठ्ठ्या. मधल्या दारात आई उभी आहे. आई "एक" म्हणाली की ताईनं पहिलं चित्र वर धरायचं आणि तुम्ही पहिली चिठ्ठी. "दोन" म्हणाली की दुसरं चित्र, दुसरी चिठ्ठी. आईला चित्रंही दिसत नाहीत आणि चिठ्ठ्याही. ती बिचारी फक्त आकडे म्हणते.

आता ताईच्या गठ्ठ्यात कोणीतरी हळूच एक जास्तीचं चित्र सरकवलं तर काय होईल? उत्तर लगेच सांगू नका. ते मनात ठेवा आणि माझ्याबरोबर एका हॉस्पिटलात चला. तिथे एक मुलगी आहे, तिला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसेल तर शपथ!

भिंगरीचा मामा पडदे लावण्याचं काम करायचा. खिडक्यांचे नव्हे हं, टीव्हीसारखे, चित्रांचे. कुठे मोठा कार्यक्रम असला की मामा तिथे पडदे टांगायचा, वायरी ओढायचा आणि सगळ्या पडद्यांवर एकाच क्षणी तेच दिसेल अशी व्यवस्था करायचा. त्या दिवशी हॉस्पिटलात कर्मचाऱ्यांचे आभार मानण्याचा कार्यक्रम होता. पण हॉस्पिटल काही कार्यक्रमासाठी बंद ठेवता येत नाही. म्हणून खालच्या मोठ्या हॉलमध्ये दोन पडदे आणि हॉलबाहेर, तसंच वर प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात दोन दोन, म्हणजे ड्युटीवरच्या नर्सनाही बघता यावं. डाव्या पडद्यावर माणसाचा चेहरा, उजव्यावर त्याच्याबद्दल सहकाऱ्यांनी लिहिलेल्या दोन ओळी.

शाळेला सुट्टी होती, म्हणून भिंगरी मामाबरोबर आली होती. सकाळी मामानं तिला सगळं समजावून सांगितलं.

"प्रत्येक पडद्यामागे एक छोटा कॉम्प्युटर आहे. व्हिडिओ, फोटो सगळं त्याच्याकडे आधीच दिलेलं आहे. हा हॉलमधला त्यांचा म्होरक्या. हा काय करतो? नुसता ओरडतो, आपण इथवर आलो, आपण इथवर आलो. बाकीचे त्याचं ऐकून चालतात."

"आणि एखादा मागे राहिला तर?"

"बघ गंमत." मामानं सुरुवातीचा व्हिडिओ लावला. एक स्ट्रेचर डाव्या पडद्यातून निघून उजव्या पडद्यात शिरत होतं. त्यानं उजवा पडदा मुद्दाम थोडा वेळ अडवून धरला. स्ट्रेचरची पुढची चाकं गायब झाली. मग त्यानं पडदा सोडला, तशी उजवीकडची चित्रं भराभरा पळाली, आणि स्ट्रेचर पुन्हा अखंड.

"अय्या! धावत येऊन रांगेत उभा राहिला!"

"हो. पण फोटोंचं तसं नसतं बरं का. तिथे म्होरक्या फक्त नंबर सांगतो. कोणत्या नंबरावर काय आहे ते त्याला..."

पण भिंगरीचं कान देणं स्ट्रेचरबरोबरच संपलं होतं. ती उजवा पडदा पुन्हा अडवता येतो का, ते बघत होती.

थोड्या वेळानं मामा वरच्या मजल्यावर शिडीवर चढला आणि भिंगरी म्होरक्यापाशी एकटी उरली. तिनं फोटो चाळले. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, वीज बघणारे काका, सगळे होते. मामा नव्हता. सकाळपासून कोळ्यासारखा भिंतींवर चढतोय, आणि त्याचा एक फोटो नाही! तिला ते मुळीच पटलं नाही. तिनं तिथल्या तिथे माऊसनं मामाचं चित्र काढलं. शिडी, मनगटात चिकटपट्टीचं वेटोळं, नाक जरा मोठं. ते तिनं वीजवाल्या काकांच्या आधी सरकवलं, कारण दोघेही वायरीवाले. मग मामानं शिकवलेलं बटण दाबून सगळ्या मजल्यांवर पाठवून दिलं.

उजवीकडे मामाबद्दल दोन ओळी नव्हत्या. असू देत, तिला वाटलं. उजवा पडदा थोडा थांबेल, नाहीतर डावा पळत येईल. मागे पडलेला पडदा रांगेत येतोच की!

आता कळलं ना, मनात काय ठेवायला सांगितलं होतं ते?

कार्यक्रम सुरू झाला. हॉल गच्च भरला. मामा वरचे पडदे बघायला गेला होता. जाताना तो म्हणाला होता, "भिंगरे, तू इथे बस. काही बिघडलं तर हे काळं बटण. सगळीकडचे पडदे काळे होतात. मी येईपर्यंत काळंच राहू दे."

"मी बरी बिघडू देईन!"

पहिले काही चेहरे ठीक गेले. मग आलं मामाचं चित्र. उजवीकडे ओळी होत्या: 'यांनी बदलला नाही असा एकही बल्ब इथे उरलेला नाही.' लोक हसले. भिंगरीला गुदगुल्या झाल्या. जमलं की!

मग आले वीजवाले काका. उजवीकडे: 'यांच्या हातचं बाळ एकदाही रडत नाही.'

"अरे, बाळंतपणं कधीपासून करायला लागलास?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. बाळंतपणाच्या सिस्टरांच्या चेहऱ्याशेजारी आलं: 'पेशंटच्या चादरी यांच्याइतक्या पांढऱ्या कोणीच धूत नाही.'

भिंगरीचा हात काळ्या बटणाकडे गेला. रांग लागत नव्हती. डावा पडदा पळत येत नव्हता. तो आपला एक पाऊल मागून, शांतपणे चालला होता. बटण दाबलं असतं तर झालं असतं. पण दाबलं तर सगळे वळून बघणार, का दाबलं विचारणार, आणि मग चित्र कोणी घातलं तेही निघणार. लोक तर हसताहेत, कोणाचं काय बिघडतंय? तिनं हात मांडीवर ठेवला आणि हातावर दुसरा हात ठेवला.

पुढचा चेहरा लॉन्ड्रीतल्या मावशींचा. उजवीकडे: 'आज ते आपल्यात नाहीत. पण गाडीचा भोंगा वाजला की आम्ही अजून दाराकडे धावतो.'

"अहो, मी जिवंत आहे! चिमटा काढून बघा!" मावशी खुर्चीवरून उठून ओरडल्या. हॉल पोट धरून हसायला लागला.

पहिल्या रांगेतली एक बाई मात्र हसली नाही. ती ताठ बसली होती आणि उजव्या पडद्याकडे बघत होती. त्या ओळी तिला ओळखीच्या होत्या.

आणि मग डाव्या पडद्यावर आले ड्रायव्हरकाका. हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सवर ते कित्येक वर्षं होते, आणि मागच्या हिवाळ्यात गेले. पांढऱ्या शर्टात, स्टिअरिंगवर हात ठेवून हसणारे. त्यांच्या शेजारी रात्रीच्या पहारेकऱ्याच्या ओळी उमटल्या:

'दिवसा कधीही बघा, हे गाढ झोपलेले. अहो, कोणीतरी यांना उठवा!'

हसू सुरू होतंय न होतंय तोच हॉल गप्प झाला. पहिल्या रांगेतली बाई उठली. तिनं पदर सावरला नाही, कोणाकडे बघितलं नाही. ती बाजूच्या दारानं बाहेर गेली.

मामा जिन्यावरून धावत आला, खाली वाकला आणि त्यानं काळं बटण दाबलं.

मोठ्या सिस्टर, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुख, स्टेजवरून उतरून आल्या. त्यांचा आवाज खाली होता, पण तो ओरडण्यापेक्षा वाईट लागत होता.

"अहो, काय हे? ड्रायव्हरकाकांच्या पत्नीला मी स्वतः बोलावून आणलं होतं. यायलाच तयार नव्हत्या. काम झेपत नसेल तर घ्यायचं कशाला माणसानं?"

"चूक माझी आहे," मामा म्हणाला. "माफ करा. आत्ता नीट करून देतो."

"नीट कसलं करताय? गेल्या त्या."

मोठ्या सिस्टर गेल्यावर मामानं फोटोंची रांग उघडली. वीजवाल्या काकांच्या आधी त्याला शिडी दिसली, वेटोळं दिसलं, नाक दिसलं. भिंगरी त्याच्या बोटांकडे बघत होती. आता रागावेल, आता रागावेल.

"हा मीच ना?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"नाक तुझ्या आजोबांवर गेलंय." एवढंच बोलून त्यानं ते चित्र रांगेतून काढलं, बाजूला जपून ठेवलं आणि बाकीचं सगळ्या मजल्यांवर पुन्हा पाठवलं. मग कोणालाही ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "मी सांगितलंय माझी चूक म्हणून. तू गप्प बस. लहान आहेस."

मामा रागावला असता तर बरं झालं असतं. थप्पड बसली असती तरी चाललं असतं. आता मात्र भिंगरीचे कान तापले आणि आपण खुर्चीत मावणार नाही इतक्या मोठ्या झालो आहोत की दिसणार नाही इतक्या छोट्या, तेच तिला कळेना. चित्र मामासाठी काढलं होतं, आणि मोठ्या सिस्टरांची बोलणी मामानंच खाल्ली होती.

ती उठली.

"कुठे निघालीस? सुरू करायचंय," मामा म्हणाला.

"आलेच."

बाजूच्या दाराबाहेर व्हरांडा होता. काळ्या पडद्यांच्या जोडीखाली बाकावर ती बाई बसली होती. पिशवी मांडीवर, जायच्या तयारीत. रिक्षा येईपर्यंत बसल्यासारखी.

भिंगरी समोर उभी राहिली. काय म्हणायचं ते येताना ठरवलं होतं, पण ते दारातच सांडलं.

"काकू, ते मामानं नाही केलं. मी केलं. मी एक चित्र जास्त घातलं."

"कोणाचं?"

"मामाचं. त्याचा फोटो नव्हता म्हणून."

भिंगरीला वाटलं, इथे थांबलं तरी चालेल. पण अजून एक उरलं होतं, आणि खरं तर तेच मोठं होतं.

"आणि मला थांबवता आलं असतं. बटण माझ्याजवळच होतं. दुसऱ्यांदा लोक हसले तेव्हाच मला कळलं होतं. पण सगळे मला बघतील म्हणून मी नाही दाबलं."

आता बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांचे डोळे लाल होते, पण रडून नव्हे.

"त्या ओळी मी सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "भोंग्याच्या. लिहिल्या कोणीतरी, पण सांगितल्या मी. लोक त्यावर हसले."

"हो."

"मग मला सांगून काय होणार, पोरी? हसले ते आत आहेत."

भिंगरीनं वर बघितलं. काळ्या पडद्यात तिला स्वतःचीच सावली दिसली. पडद्याच्या बाजूला छोटा स्पीकर होता. हॉलच्या माईकमध्ये बोललेलं प्रत्येक मजल्यावर एकाच क्षणी ऐकू जायचं. मामानं सकाळी त्यात "हॅलो, हॅलो" करून दाखवलं होतं.

तिनं बाकावरच्या काकूंना "जाऊ नका" म्हटलं नाही. ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. ती वळली, दार ढकलून आत गेली, मामाच्या खुर्चीमागून, मोठ्या सिस्टरांच्या पुढून, थेट स्टेजवर. सगळे बघायला लागले. अगदी जसे बघतील म्हणून ती भ्यायली होती, तसेच. माईक तिच्या डोक्याच्याही वर होता. तिनं टाचा उंचावून तो दोन्ही हातांनी खाली ओढला आणि बोलायला सुरुवात केली, तेव्हा तिचा आवाज हॉलमध्ये, सगळ्या मजल्यांवर आणि त्या बाकावरही एकाच क्षणी पोहोचला.