शिडासाठी टक्कर

मालकांनी केरबा भावजींना थापड मारली ती शिडावरून. पडेगावात आजवर बांधावरून, सोयरिकीवरून, निवडणुकीवरून डोकी फुटली आहेत. बोटीच्या शिडावरून मार खाणारे आमचे भावजी पहिलेच.

आमचे मालक, त्रिंबक, नौदलात होते. तिथून सुटल्यावर वाळूजला एका कंपनीच्या गेटवर उभे राहिले, आणि तिथूनही रिटायर झाले तेव्हा म्हणाले, आता वर्षभर पाण्यावर राहायचं. गोव्याहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं कोचीपर्यंत जायचं. ते, मी आणि त्यांचे धाकटे भाऊ केरबा. भावजींचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, पण चारा संपला की पुढं सरकायचं एवढं त्यांना कळत होतं, आणि बोटीवर तरी दुसरं काय करायचं असतं?

गोव्यात दोन जुन्या बोटी बघून आलो. एक तारांची. उंच डोलकाठी, तिला चारी बाजूंनी पोलादी तारा ताणलेल्या, पांढरं त्रिकोणी शीड. कॅलेंडरवर असते तशी. दुसरी चिनी पद्धतीची. आखूड दोन खांब, तार एकही नाही, आणि शिडात आडव्या कामट्या शिवलेल्या. मागं सुकाणूपाशी बसून दोर सैल सोडला की शीड बांबूच्या चिकाच्या पडद्यासारखं घडी घडी होऊन आपसूक खाली बसतं. तारांच्या बोटीत मात्र वारा वाढला की कुणीतरी हलत्या फळ्यांवरून पुढं जायचं, हात डोक्याच्या वर करायचे आणि शीड ओढून उतरवायचं.

माझा उजवा हात कानाच्या वर जात नाही, स्कूटीवरून पडले तेव्हापासून. बाकी सगळं मी शिकले होते. मालकांनी केलेल्या छोट्या होडीत, पैठणच्या धरणावर, आणि उरलेलं फोनवर बघून बघून. म्हणजे गोष्ट सरळ होती. कामट्यांची बोट घेतली तर मी खलाशी. तारांची घेतली तर मी भाकरी थापणार. भाकरी मी पडेगावातही थापतेच, त्यासाठी समुद्र कशाला?

"ती बोट नाय, कोंबड्याचं खुराडं हाय," मालक म्हणाले. "सरकारी जहाजावर जवानी घातली म्या. आता चटई लावून फिरू व्हय?"

"दादा, वैनीला जमंल अशी घे की," भावजी म्हणाले. "तू काय जन्मभर पुढं पळणार हायस? गच्चीवर जाताना गुडघं धरतोस."

त्यावर ती थापड.

भावजींनी ती परत केली नाही. गाल चोळत म्हणाले, "टक्कर लाव."

टक्कर म्हणजे एडक्यांची झुंज. पाणवठ्यावर पहिला कळप कुणाचा, मेंढरांचं वाडगं कुठं बसवायचं, असले तंटे आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून एडक्यांच्या डोक्यांनी सुटत आले. मालकांचा दौलत, भावजींचा भुऱ्या. दौलतला मालक रोज अंडं पाजत, त्याच्या कपाळाला तेल चोळत. माझ्या कपाळाला कधी काही चोळल्याचं मला आठवत नाही. दौलत जिंकला तर तारांची बोट, भुऱ्या जिंकला तर कामट्यांची.

"आन् मला कोण इचारणार?" मी म्हणाले.

"तुझ्यासाठीच चाललंय सगळं," मालक म्हणाले.

भावजींनीही मान डोलावली. तेवढ्यापुरते दोघं सख्खे भाऊ झाले.

कायद्यानं बंदी आहे, म्हणून मालकांनी आधी फाटकाला कुलूप घातलं. मग घरामागच्या पडीत दोन्ही जनावरं सोडली. ती एकमेकांकडं बघत मागं मागं सरकली, थांबली, आणि धावत आली. पहिल्या टकरीचा आवाज बाभळीवर कुऱ्हाड बसावी तसा. मी जिभेचा शेंडा चावला. पुन्हा मागं, पुन्हा धाव. भुऱ्याच्या नाकातून रक्त आलं, त्याचे पुढचे पाय मुडपले, मालक ओरडले, "बास! पळालं!" पण ते पळालं नव्हतं, धाप टाकत होतं. पुढच्या धडकेला दौलतचं डावं शिंग मुळापासून उखडलं आणि कातडीला लोंबायला लागलं. माघार घेणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मान वाकडी धरून, एका डोळ्यावर रक्त घेऊन तो परत धावला. या वेळचा आवाज मऊ आला. दौलत आडवा झाला आणि पाय झाडत राहिला.

मुलाण्याला बोलवायला वेळ नव्हता. मालकांनी स्वतःच सुरा फिरवला, दौलतचं डोकं मांडीवर घेऊन. उठले तेव्हा लेंगा लाल झालेला आणि सुरा हातातच. ते सरळ भुऱ्याकडं निघाले.

भावजी मधे आले. "दादा, सुरा टाक."

"सरक."

"माझ्या जनावराला हात लावायचा नाय."

मालकांनी सुरा टाकला, तेवढी बुद्धी राहिली होती, आणि मूठ चालवली. भावजींचा दात तुटून मातीत पडला. भावजींनी काठी घातली ती मालकांच्या भुवईवर, आणि भुवई उकलली. मग दोघं दौलतच्या रक्तात लोळत एकमेकांचा गळा दाबायला लागले. साठीला आलेली माणसं, एकाची नात बारावीला! मी ओरडले, बादलीभर पाणी ओतलं, काही उपयोग झाला नाही. मालक वर होते आणि भावजींचे ओठ निळे पडत होते. मग मी भावजींचीच काठी उचलली आणि मालकांच्या पाठीत घातली. डाव्या हातानं, पण मन लावून. ते थांबले. संसारात पहिल्यांदाच त्यांनी माझं इतक्या लवकर ऐकलं.

टकरीत पडलेल्या जनावराचं कालवण दोन्ही बाजूंनी एका ताटात जेवायचं, असा आमच्यात रिवाज आहे. जेवलं तर निकाल मान्य. नाही जेवलं तर भांडण पुढच्या पिढीकडं जातं. मी दौलतचं कालवण केलं. ज्याला रोज घमेल्यात पाणी ठेवलं त्याच्यासाठी मसाला वाटताना हात जड होतो, ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

ताट मधे ठेवलं. भावजींचा जबडा सुजलेला. त्यांना चावता येईना, म्हणून त्यांनी नुसता रस्सा ओढला आणि तिखटानं फुटलेल्या तोंडात आग पडली तरी गिळला. मालक बसले होते. भुवईला माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी.

"जेवा," मी म्हणाले.

त्यांनी ताट लाथाडलं. कढत रस्सा माझ्या पायावर आला. मी पाय मागं घेतला नाही. पातेल्यातून दुसरं ताट वाढलं आणि परत मधे ठेवलं.

"त्या चटईच्या बोटीत तू भाईर बसशील," मालक एकदम म्हणाले. आवाज फाटलेला. "दोर तुझ्या हातात असंल तर तू भाईर बसशील. भाईर बसलेलं माणूस जातं, मंजुळा. आमच्या जहाजावरचा एक खलाशी माझ्यापासून हातभर होता. लाट आली न् गेली, जागा मोकळी. पाण्यात हात वर केला होता त्यानं. आमी नुसतं बघत व्हतो. तारांच्या बोटीत तू आत राहशील. दार लावून. मला तेवढंच पायजे."

एवढी वर्षं झाली लग्नाला, त्या खलाशाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. भावजी रस्सा ओढायचे थांबले.

माझा पाय भाजत होता, त्यामुळं मला लाडानं बोलायला जमलं नाही.

"आन् तुम्ही गेलात तर?" मी म्हणाले. "लाट काय माझं नाव घेऊन येणार हाय? तुम्ही पाण्यात हात वर कराल. मी दार उघडून भाईर येईन. समोर ते उंच शीड वाऱ्यानं भरलेलं, बोट तुमच्यापासून लांब पळतीया, आन् ते शीड मला उतरवता येत नाय. काय करू? आत जाऊन भाकरी थापू?"

मालकांनी भुवईवरची चिंधी दाबून धरली.

"कामट्यांच्या बोटीत मी दोर सोडीन," मी म्हणाले. "बोट थांबंल. मग तुमच्याकडं बघायचं का नाय ते ठरवीन."

भावजी हसायला गेले आणि जबडा धरून कण्हले.

मालकांनी ताट ओढलं. पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसलं नाही. दुसरा घास घेतला. हाड चोखलं. मग मीही बसले आणि जेवले.

सकाळी त्यांनी स्वतः गोव्याला फोन लावला. डोळा सुजून बंद झालेला, तरी ताठ उभं राहून बोलले. "कामट्यांची. व्हय, तीच. तारांची नको." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाय, मी नाय. बायको हाकणार हाय."

फोन ठेवून ते बाहेर गेले आणि दौलतचं कातडं पसरून त्याला मीठ चोळायला बसले. थोड्या वेळानं भावजी आले, दुसरं टोक धरून ताणून बसले.