वरच्या तोटीचं तेल

सकाळी सातला भट्टी पेटली, तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. तीन वर्षं लेकरासारख्या वाढवलेल्या झाडांचा आज निकाल होता.

टी ट्रीची झाडं ती. नावापुरता चहा, बाकी चहाशी नातं ना गोतं. बारीक सुईसारखी पानं, चुरगळली की कापरासारखा झणझणीत वास. आमच्या घरात मात्र चाळीस वर्षं लवंगेचंच तेल निघालेलं. सासऱ्यांनी मला जमिनीचा तुकडा दिला तो अट घालूनच, "पहिल्या भट्टीत तेल निघालं तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळी झाडं उपटायची." ट्रॅक्टरवाल्याला उद्याचा दिवस त्यांनी सांगूनही ठेवला होता. आणि अकरा वाजता साबण बनवणाऱ्या ताई तेल बघायला येणार होत्या. त्यांना पटलं, तर हंगामभराचा माल त्याच घेणार होत्या.

आमची भट्टी साधी. पानांमधून वाफ वर चढते, नळीत गार होते, आणि तेल-पाणी मिळून तांब्याच्या उंच भांड्यात उतरतं. भांड्याला दोन तोट्या. खालची सासऱ्यांची, वरची सासूबाईंची. म्हणजे खालून बाबांनी तेल काढायचं, आणि वरून वाहणारं सुगंधी पाणी बादलीत धरून आईंनी भट्टीघराची फरशी पुसायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच बघत आले.

नऊला बाबांनी खालची तोटी उघडली. पाणी. साडेनऊला उघडली. पाणी. दहाला तर त्यांनी तोटी उघडून तळहात धरला, बोटं एकमेकांवर चोळली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तीन वर्षं पाणी घातलंस, पाणीच परत मिळालं."

"पण बाबा, वास केवढा सुटलाय."

"वास काय पिशवीत घालून देणार आहेस त्या बाईंना?"

मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, पांडुरंगा, एक थेंब दाखव, बाकीचं माझं मी बघते. तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला.

"अहो, आज भांड्यात काय घातलंय? एक कोपरा पुसला तर पाय सरकला माझा. या वयात हाड मोडलं तर तुम्ही करणार आहात का स्वयंपाक?"

"लवंगेच्या पाण्यानं कधी कुणी पडलंय का?" बाबा म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. म्हणून हे ओतून टाकते."

मी वळून बघितलं. आई मोरीपाशी बादली तिरपी करून उभ्या, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत चकाकत होते. मी कशी धावले ते मलाच कळलं नाही. दोन्ही हातांनी बादलीची कड धरली. चूळभर सांडलंच. पण बादली स्थिर झाली तशी तिच्यात पाण्यावर बोटभर जाडीचा थर दिसला, फिकट पिवळा आणि काचेसारखा नितळ.

बाबा जवळ आले. वाकले. थरात बोट बुडवून त्यांनी नाकाशी धरलं.

"लवंगेचं तेल जड," मी हळूच म्हटलं, "ते पाण्याखाली बुडतं. हे हलकं आहे बाबा. हे तरंगतंय."

"चाळीस वर्षं खालीच बघायची सवय," ते पुटपुटले. मग एकदम ताठ झाले. "बघत काय बसलीस? पळी आण. बाटल्या आण. आणि," ते आईंकडे वळले, "तू त्या बादलीला हात लावू नकोस."

"मी लावला म्हणून तर सापडलं," आई म्हणाल्या.

मग एकच धांदल उडाली. बाबा गुडघ्यांवर बसून पळीनं अलगद तेल उचलत होते, मी गाळणी धरत होते, आई विचारत होत्या की फडकं पिळून देऊ का. एक बाटली भरली. दुसरी गळ्यापर्यंत आली.

बरोबर अकराला ताई आल्या. कागदाच्या पट्टीवर त्यांनी एक थेंब घेतला, डोळे मिटून वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"खरूज-बिरूज सगळं बरं होतं म्हणे यानं?" आईंनी विचारलं.

"सगळं नाही हो. मुरमं, कोंडा, बोटांमधली बुरशी, एवढ्यासाठी लोक मागतात. तेही नुसतं नाही लावायचं, आग होते. खोबरेल तेलात थोडे थेंब. आणि पोटात अजिबात नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "प्रयोगशाळेत तपासून घेईन, ती रीतच आहे. पण नाकानं हो म्हटलंय. तपासणीत उतरलं, की हंगामभराचा माल माझा."

मी दोन्ही बाटल्यांची बुचं घट्ट लावली. ताईंनी फरशीकडे बघितलं. "इथे तर बाटलीपेक्षा जास्त वास येतोय."

"पाहुणे यायचे असले की आम्ही तेलानंच पुसतो," आई शांतपणे म्हणाल्या.

ताईंची गाडी वळणाआड गेली तसा बाबांनी फोन लावला. "उद्या ट्रॅक्टर आणू नकोस," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "नाही रे, झाडं बरोबरच होती. तोटी चुकली."

"कुणाची, तेही सांगा," आतून आई म्हणाल्या.